अमॅरिलिसच्या गड्ड्यात दडलेले वर्ष

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील राहुरी, पारनेर, संगमनेर या तालुक्यांतून प्रवास केला, तर काही वावरांत हिरव्या पोकळ दांड्यांवर पांढरे गोल गेंद डोलताना दिसतात. ती कांद्याची फुले होत. बी धरण्यासाठी शेतकऱ्याने तेथे मुद्दाम गोट लावलेले असतात. त्यानंतर महिना-दीड महिन्याने, ऊन तापू लागले की, त्याच गावांतील घरांच्या ओट्यांवर, कुंड्यांत आणि जुन्या पत्र्याच्या डब्यांत दुसराच एक पोकळ दांडा वर येतो. त्याच्या टोकाला तांबडी, शेंदरी किंवा पांढऱ्या पट्ट्यांची, तुतारीच्या तोंडासारखी दोन ते चार मोठी फुले उमलतात. घरोघरी तिला नुसते ‘लिली’ म्हणतात. रोपवाटिकेत तिचे नाव अमॅरिलिस.

वावरातला कांदा आणि ओट्यावरची ही लिली एकाच कुलातील आहेत, असे सांगितले तर अनेकांना खरे वाटत नाही. पण दोन्ही फुले शेजारी ठेवून पाहा. दोन्हींचा दांडा जमिनीतून सरळ वर येतो, त्यावर एकही पान नसते आणि तो आतून पोकळ असतो. दोन्हींच्या कळ्या सुरुवातीला एका पातळ, पापुद्र्यासारख्या वेष्टनात गुंडाळलेल्या असतात. ते फाटले की सर्व फुलांचे देठ छत्रीच्या काड्यांप्रमाणे एकाच बिंदूतून निघालेले दिसतात. अमॅरिलिसला चार फुले, कांद्याला काही शे, एवढाच काय तो फरक. प्रत्येक फुलाला सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि तीन कप्प्यांचा अंडाशय. एक भेद मात्र ठळक आहे. अमॅरिलिसचा अंडाशय पाकळ्यांच्या खाली, देठाच्या टोकाला हिरव्या गाठीसारखा असतो. कांद्याचा अंडाशय पाकळ्यांच्या वर, फुलाच्या मध्यभागी बसलेला असतो. या एका भेदामुळे जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी कांद्याला दुसऱ्या कुलात घातले होते. पुढे वनस्पतींच्या जनुकांची तुलना होऊ लागली आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात कांदा-लसूण अमॅरिलिसच्या कुलात आले. उलट आपला निशिगंध, ज्याला पूर्वी याच कुलातला समजत, तो बाहेर पडून घायपाताच्या गोतावळ्यात गेला. तेव्हा जुने पाठ्यपुस्तक आणि नवे पुस्तक यांत कुलाचे नाव वेगळे आढळले, तर गोंधळून जाऊ नये.

नावाचा घोळ

अमॅरिलिस या नावाचाही एक जुना वाद आहे. व्हर्जिल या रोमन कवीच्या काव्यातील एका गोपकन्येचे हे नाव लिनियसने १७५३ साली एका फुलाला दिले. ते फूल दक्षिण आफ्रिकेतले की दक्षिण अमेरिकेतले, यावर पुढे शास्त्रज्ञांत बरेच वर्षे खल चालला. विल्यम हर्बर्ट या इंग्रज धर्मोपदेशकाने, ज्याचा या कुलाचा अभ्यास फार गाढा होता, दक्षिण अमेरिकेतील जातींसाठी ‘हिप्पिअ‍ॅस्ट्रम’ हे वेगळे नाव वापरले. त्याचा अर्थ साधारणपणे ‘घोडेस्वाराचा तारा’ असा होतो. अखेर १९८७ साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने अमॅरिलिस हे नाव आफ्रिकी वनस्पतीकडेच ठेवले. म्हणजे आपल्या कुंडीतली लिली शास्त्रीयदृष्ट्या हिप्पिअ‍ॅस्ट्रम. पण बाजाराने ते मानले नाही, आणि माळी तर शास्त्रज्ञांचे ठराव वाचीत बसत नाहीत. म्हणून या लेखात आपणही अमॅरिलिस हेच नाव वापरू.

याच हर्बर्टने १८४२ साली आपल्या सह्याद्रीतील एका वनस्पतीचेही वर्णन केले आहे. ती क्रायनम ब्रॅकिनीमा. नावाचा अर्थ ‘आखूड केसरांची’. पावसाच्या आरंभी फुलणारी ही पांढरी सुवासिक रानलिली पश्चिम घाटाच्या उत्तर भागाखेरीज कोठे आढळत नाही आणि आज ती दुर्मिळ झाली आहे. सह्याद्रीच्या माळांवर आणि कड्यांवर पहिल्या पावसाबरोबर अशा कितीतरी कंदवनस्पती फुलतात. अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडावर किंवा कळसूबाईच्या बाजूला सहलीला गेलात, तर त्या जरूर पाहा, पण खणून आणू नका. घरच्या संग्रहासाठी शेजाऱ्याकडचे एक पिल्लू पुरते.

गड्ड्याच्या आत

अमॅरिलिस लावणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: “पहिल्या वर्षी फूल आले, मग नुसती पानेच पाने!” याचे उत्तर खतात शोधण्यापूर्वी गड्ड्यात शोधावे लागते.

आपण ज्याला गड्डा म्हणतो तो खोड नव्हे, मूळही नव्हे. खोड म्हणजे त्याच्या बुडाशी असलेली एक जाड, टणक चकती. तिच्या खालून मुळे फुटतात आणि वरून पाने. प्रत्येक पानाचा तळ फुगलेला असतो व तो गड्ड्याभोवती कड्याप्रमाणे बसतो. पान वाळून गेले तरी हा फुगीर तळ मागे राहतो. असे कितीतरी तळ एकात एक बसले की गड्डा तयार होतो. कांद्याचे पापुद्रे हा त्याचाच प्रकार. म्हणजे गड्डा ही मागील पानांनी आपल्या मागे ठेवलेली शिदोरी होय. पान जितके दिवस हिरवे, तितका तळ भरीव.

आता महत्त्वाची गोष्ट. अमॅरिलिसचा वाढीचा कोंब ठरलेल्या क्रमाने काम करतो. तो साधारणपणे चार पाने तयार करतो आणि त्यानंतर त्याच्या टोकाचेच फुलांच्या दांड्यात रूपांतर होते. तेथे त्या कोंबाची वाढ संपली. मग शेवटच्या पानाच्या बगलेतील नवा कोंब सूत्रे हाती घेतो, पुन्हा चार पाने, पुन्हा एक दांडा. अशा पिढ्यांमागून पिढ्या गड्ड्याच्या आत चालू राहतात. म्हणूनच फुलाचा दांडा पानांच्या बरोबर मधून न येता नेहमी एका बाजूने वर आलेला दिसतो. घरी दांडा आला की ही गोष्ट तपासून पाहा.

पण आत तयार झालेली कळी लगेच बाहेर येत नाही. सुरुवात झाल्यापासून मातीच्या वर डोके काढण्यास तिला सुमारे ११ ते १४ महिने लागतात. यंदाच्या एप्रिलमध्ये जे फूल तुम्ही पाहता, त्याचा आरंभ गेल्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या आसपास झालेला असतो. पूर्ण वाढलेला गड्डा आडवा-उभा कापला, तर त्यात एकाच वेळी तीन-तीन पिढ्यांच्या कळ्या सापडतात: एक बाहेर पडण्याच्या तयारीत, एक हरभऱ्याएवढी, एक टाचणीच्या डोक्याएवढी. कधी कधी पापुद्र्यांच्या मध्ये एक चपटी, तपकिरी, कागदासारखी पट्टी दिसते. ती बाहेर येण्याआधीच सुकून गेलेली कळी असते. कळी धरली होती, पण शिदोरी पुरली नाही.

आता मघाच्या तक्रारीचे उत्तर सापडले. दुकानातून आणलेल्या गड्ड्याला पहिल्या वर्षी आलेले फूल आपल्या मेहनतीचे नसतेच. ते ज्याने गड्डा वाढवला त्या माळ्याचे असते. आपली परीक्षा दुसऱ्या वर्षी होते. फूल गेल्यावर पाने अस्ताव्यस्त दिसतात म्हणून कापून टाकली, त्यांची वेणी घातली, की कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात ढकलली, हे सारे हिशेबात धरले जाते. वर्षभरात चांगली पोसलेली आठ पाने आली तर दोन दांड्यांची आशा धरावी, बारा आली तर तीनांची. दोनच पाने असतील तर त्या गड्ड्याकडून काही मागू नये.

येथे कांद्याशी तुलना मोठी मनोरंजक आहे. कांद्याला फूल धरण्यासाठी थंडी लागते. रोप पुरेसे मोठे झाल्यावर काही आठवडे १० अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी मिळाली की त्याच्या कोंबाचे रूपांतर दांड्यात होते. बाजारासाठी लावलेल्या कांद्याला असा दांडा आला की शेतकरी म्हणतो डेंगळे आले, आणि कपाळाला हात लावतो. कारण दांडा कांद्याचे अन्न खाऊन टाकतो, मधला भाग लाकडासारखा होतो आणि असा कांदा चाळीत टिकत नाही. डेंगळे कमी यावेत म्हणून वाण निवडताना व लावणीची वेळ ठरवताना काळजी घ्यावी लागते. १९६८ साली स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने बसवंत ७८०, फुले समर्थ यांसारखे कांद्याचे वाण दिले, त्यांत डेंगळ्यांचे प्रमाण हाही पाहण्याचा एक मुद्दा असतो. अमॅरिलिसला फूल धरण्यासाठी थंडीची गरज नसते. कांदा थंडीची वाट पाहतो, अमॅरिलिस पाने मोजते. एकाच कुलातील दोन झाडांनी एकाच प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे काढली आहेत.

दोऱ्याने मोजमाप

गड्ड्याचा आकार डोळ्यांनी सांगू नये, मोजावा. त्याच्या सर्वांत जाड भागाभोवती दोरा गुंडाळा आणि तो पट्टीवर धरा. हॉलंडचे व्यापारीसुद्धा गड्डे याच घेरावर विकतात: २४ ते २६ सें.मी., २६ ते २८ सें.मी. अशा प्रती असतात. घेर २० सें.मी.च्या खाली असेल तर फूल येण्याची शक्यता कमी. दर वर्षी नोव्हेंबरमध्ये एकदा ही नोंद करा. २० सें.मी.चा गड्डा वर्षभरात २५ सें.मी. झाला, तर आपल्याला वाटते पाव पटीनेच वाढला. पण घेर सव्वा पट झाला म्हणजे घनफळ सव्वाचा घन, म्हणजे जवळजवळ १.९५ पट झाले. शिदोरी दुप्पट झाली! गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात वापरण्यास हरकत नाही.

दुसरा एक सोपा प्रयोग. कांद्याच्या पापुद्र्याच्या तुकड्यावर टिंक्चर आयोडिनचा थेंब टाका. रंग तपकिरीच राहतो, कारण कांदा आपले अन्न पिष्टाच्या रूपात न साठवता शर्करेसारख्या विद्राव्य पदार्थांच्या रूपात साठवतो. तसाच थेंब अमॅरिलिसच्या पापुद्र्यावर टाका. डाग काळा-निळा होतो. तेथे पिष्ट आहे. भावंडे असली तरी कोठाराची पद्धत वेगळी.

हा प्रयोग करताना, आणि एरवीही, एक गोष्ट विसरू नका. अमॅरिलिसचा गड्डा विषारी आहे. त्यात लायकोरिन नावाचे अल्कलॉइड असते. पोटात गेल्यास मळमळ, उलट्या, जुलाब होतात. शिवाय त्याच्या रसात सूक्ष्म सुयांसारखे स्फटिक असतात, त्यांमुळे नाजूक त्वचेला खाज सुटते. म्हणून हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. कोरडे गड्डे कधीही स्वयंपाकघरात, कांद्याच्या टोपलीजवळ ठेवू नयेत. मान कापलेला, तपकिरी सालीचा गड्डा अंधुक उजेडात थेट कांद्यासारखा दिसतो. ओळखण्याची खूण वासाची: कापल्यावर कांद्याचा उग्र वास आला नाही, तर तो कांदा नव्हे. शेळ्या-वासरे असलेल्या घरी खणून टाकलेले गड्डे उकिरड्यावर फेकू नयेत, पुरावेत. याच कुलातील स्नोड्रॉप, नार्सिसस या वनस्पतींत सापडणारे गॅलँटामिन हे दुसरे अल्कलॉइड मात्र आज वृद्धांच्या स्मृतिभ्रंशावर औषध म्हणून वापरले जाते. डोस आणि वैद्य यांच्यामुळे विषाचे औषध होते, घरगुती प्रयोगाने नव्हे.

नगरची माती, नगरचा पाऊस

अमॅरिलिसचे मूळ घर ब्राझील, पेरू, बोलिव्हिया या देशांत. तेथे तिच्या अनेक जाती पावसाळा आणि कोरडा ऋतू यांच्या आलटून-पालटून येण्याला सरावल्या आहेत. आपल्या जिल्ह्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी ५००-६०० मि.मी. पाऊस, तोही बराचसा सप्टेंबरात. पश्चिमेला घाटघर-रतनवाडीकडे त्याच्या कितीतरी पट. पठारावर मोठा कोरडा काळ आणि डिसेंबर-जानेवारीत थंड रात्री. या फुलाला असे हवामान परके वाटत नाही. अडचण आहे ती मातीची आणि पाण्याची.

१९४२ ते १९४५ या काळात अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध असताना पंडित नेहरूंनी फुलांचे वाफे स्वतः खणले होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या ग्रंथाच्या आरंभीच त्यांनी तेथल्या दगडगोट्यांच्या, जुन्या बांधकामाच्या ढिगाऱ्याने भरलेल्या निकस मातीचा उल्लेख केला आहे. किल्ल्याबाहेरची माती तशी नाही, पण कुंडीसाठी तीही सरळ उचलून चालत नाही. काळी माती पाणी धरून ठेवते आणि गड्डा सडतो. प्रवरा-मुळेच्या कालव्यांखालील काही गावांत तर जमीन चोपण झालेली आहे आणि विहिरीचे पाणी मचूळ आहे. कुंडीच्या काठावर पांढरी खार जमू लागली, पाने शिरांच्या मध्ये पिवळी पडू लागली, की समजावे की क्षार वाढले आहेत. अशा ठिकाणी पागोळ्यांचे पाणी साठवून वापरावे. चुलीची राख चांगली म्हणून काही जण कुंडीत टाकतात; आपली माती आधीच अल्कधर्मी असल्याने माझ्या मते येथे ती टाळावी.

एक भाग तांबडी पोयटा माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू हे मिश्रण पुरते. मूठभर हाडांचे चूर्ण मिळाले तर घालावे. कुंडी फार मोठी नको. गड्डा आणि काठ यांच्यात तीन-चार सें.मी. अंतर बस झाले. मोठ्या कुंडीत मुळांच्या पलीकडे ओल साचून राहते. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा. गड्ड्याचा वरचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त भाग मातीच्या वर उघडा राहिला पाहिजे. संपूर्ण गाडलेल्या गड्ड्याच्या मानेत पाणी साचते, आणि कूज तेथूनच सुरू होते.

वर्षाची आखणी अशी ठेवता येते. दिवाळीनंतर पाणी हळूहळू कमी करावे आणि नोव्हेंबरच्या अखेरीस बंद करावे. पाने आपोआप पिवळी पडू द्यावीत. ती गड्ड्यात अन्न परत ओतत असतात, म्हणून हिरवे पान कापू नये. डिसेंबर-जानेवारीत कुंडी पडवीत, पावसापासून दूर, कोरडी ठेवावी. हॉलंडमध्ये गड्डे सुमारे १३ अंशांच्या गोदामात काही आठवडे ठेवतात. आपल्याकडे थंडीच्या रात्री हे काम फुकट करतात. ही विश्रांती सक्तीची नाही. वर्षभर पाणी दिले तरी अमॅरिलिस जगते आणि कधी मधेच फुलतेही. पण विश्रांतीमुळे सगळे गड्डे एका वेळी जागे होतात आणि दहा कुंड्या एका आठवड्यात फुललेल्या पाहण्याची मजा काही वेगळीच. फेब्रुवारीत वरची दोन बोटे माती काढून नवी घालावी, एकदा भरपूर पाणी द्यावे आणि मग कोंब दिसेपर्यंत हात आवरावा. कोंब चपटा व बोथट असेल तर दांडा, टोकदार असेल तर पान. मार्च ते मे या काळात फूल येते. कळी रंग दाखवू लागली की कुंडी सावलीत आणावी, म्हणजे फूल दोन-चार दिवस जास्त टिकते. एप्रिलच्या दुपारी उघड्यावर ते संध्याकाळपर्यंत माना टाकते.

खरे काम यानंतर सुरू होते. सुकलेली फुले आणि दांडा कापावा, पाने ठेवावीत. मेमध्ये सकाळचे ऊन व दुपारची सावली. जून ते ऑक्टोबर हे कमाईचे महिने. पाणी वाफसा पाहून द्यावे, महिन्यातून एकदा शेणखताचे पातळ पाणी घालावे. युरिया टाकाल तर पाने लुसलुशीत होतील, पण गड्डा मऊ राहील. सप्टेंबरच्या झडीत मात्र कुंडी आडोशाला घ्यावी.

याच दिवसांत एक काळी अळी येते. तिच्या अंगावर पांढरे व तांबडे ठिपके असतात, आणि ती एका रात्रीत अख्खे पान चाळणीसारखे करते. हा लिलीच्या पतंगाचा सुरवंट. संध्याकाळी हाताने वेचून काढणे हाच सोपा उपाय. पानांवर व दांड्यावर लालभडक चट्टे पडून ते वाकडे होऊ लागले, तर तो बुरशीचा रोग असतो. पाणी मानेत न घालता काठाने घालावे आणि चट्ट्याचे पान काढून जाळावे. पण प्रत्येक लाल डाग रोगाचा नसतो. अमॅरिलिसला जखम झाली की त्या जागी लाल रंग उतरतो. नखाने ओरखडा काढून ठेवा आणि दोन-चार दिवसांनी पाहा. पानांवर फिकट-गडद हिरव्या पट्ट्यांची नक्षी दिसली तर मात्र तो विषाणू, आणि त्यावर इलाज नाही. तो मावा या किडीमुळे व माळ्याच्या चाकूनेही पसरतो. एका झाडाचा दांडा कापल्यावर चाकू ज्योतीवर धरूनच दुसऱ्याला लावावा.

घड्याळजीची लिली

संग्रह वाढवण्याचे दोन मार्ग. गड्ड्याच्या बाजूला पिल्ले येतात ती वेगळी करणे हा सोपा मार्ग; ती आईसारखीच फुलतात. घाई असेल तर एक निरोगी गड्डा उभा कापून आठ फोडी करतात. प्रत्येक फोडीला बुडाच्या चकतीचा तुकडा असलाच पाहिजे. बुरशीनाशकात बुडवून त्या ओलसर वाळूत ठेवल्या की दोन-तीन महिन्यांत पापुद्र्यांच्या मध्ये मण्यांएवढे नवे गड्डे दिसू लागतात. चकतीविना कापलेली एक फोडही शेजारी लावून ठेवा. तिला काहीच फुटत नाही, आणि खोड कोणते हे मग कोणाला सांगावे लागत नाही.

दुसरा मार्ग बियांचा. इंग्लंडमधील प्रेस्कॉट गावी आर्थर जॉन्सन नावाचा एक घड्याळजी राहत असे. त्याने १७९९ च्या सुमारास तांबड्या फुलांच्या एका जातीचा पट्ट्यांच्या पांढऱ्या फुलांच्या दुसऱ्या जातीशी संकर केला. त्यातून निघालेली, तांबड्या पाकळीच्या मधोमध पांढरी पट्टी असलेली लिली हा या प्रजातीतील पहिला ज्ञात संकर होय. जॉन्सनचे काचगृह पुढे नष्ट झाले, पण त्याआधी त्याने काही झाडे लिव्हरपूलच्या वनस्पति-उद्यानाला दिली होती, म्हणून ती टिकली. आपल्याकडील जुन्या वाड्यांत आढळणारी तांबडी-पांढरी लिली बहुधा हीच किंवा तिची नातलग.

घड्याळजीने जे केले ते नववीतल्या मुलालाही करता येते. एका रंगाचे फूल उमलू लागताच, परागकोश फुटण्यापूर्वी, त्याचे सहाही पुंकेसर चिमट्याने काढून टाका. दोन-तीन दिवसांनी त्याच्या कुक्षीची तीन टोके पसरली की दुसऱ्या रंगाच्या फुलाचे पिवळे परागकण त्यांवर लावा. देठाला दोरा बांधून चिठ्ठीवर दोन्ही झाडांची नावे व तारीख लिहा. एका फुलावर त्याचेच परागकण लावून पाहा. मूळ रानजातींत अनेकदा असे केल्याने बी धरत नाही. झाड स्वतःचे परागकण ओळखून नाकारते. आजच्या मोठ्या फुलांच्या संकरित वाणांत पुष्कळदा गुणसूत्रे २२ ऐवजी ४४ असतात आणि ते स्वतःच्या परागकणांनीही बी धरतात. २२ वाल्याचा ४४ वाल्याशी संकर केला, तर बोंड फुगते पण बिया बऱ्याचदा फोल निघतात. म्हणून अपयश आले तर ते वहीत लिहून ठेवा, त्यावरून आपल्या लिलीच्या घराण्याचा अंदाज येतो.

चार-पाच आठवड्यांत बोंड पिवळे पडून तीन ठिकाणी तडकते. आत पुठ्ठ्याच्या चळतीसारख्या काळ्या, पातळ, पंखाच्या बिया असतात. बी उजेडासमोर धरा. मध्ये टणक फुगवटा दिसला तर ते भरलेले, सगळेच पारदर्शक असेल तर फोल. या बिया फार दिवस टिकत नाहीत, तेव्हा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवू नयेत. पसरट भांड्यात पाणी घेऊन त्यावर त्या तरंगत सोडाव्यात. दोन-तीन आठवड्यांत पांढरे मूळ फुटले की वाळूमिश्रित मातीत उभ्या लावाव्यात. पहिल्या वर्षी रोपांना विश्रांती देऊ नये, पाणी चालूच ठेवावे. आठवीत पेरलेल्या बीला अकरावीच्या सुमारास फूल येते. त्याच्या पाकळीवर पट्टी असेल की नाही, हे आज कोणीच सांगू शकत नाही. एकाच बोंडातील दोन रोपांची फुलेही सारखी नसतात. म्हणून निदान दहा रोपे वाढवा, प्रत्येकाला क्रमांक द्या, आणि जागा अपुरी पडली तर काही रोपे वर्गमित्रांना, काही शाळेच्या बागेला द्या. क्रमांकाची पट्टी मात्र रोपाबरोबर जाऊ द्या, नाहीतर फूल आल्यावर आई-बाप कोणते हा प्रश्न सुटायचा नाही.